बरणीतला ढेकूण आणि आमचे ५,३०० रुपये

आमच्या घरात ढेकूण झाले होते. हे एवढंसं वाक्य लिहायला मला आठ महिने लागले. ज्या माणसाने आम्हाला फसवलं त्याचा सगळा धंदा या न बोलण्यावरच चालतो, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

डोंबिवलीत वन बीएचके, तिसरा मजला. दिवाळीत चिरंजीव पुण्याच्या हॉस्टेलवरून आले आणि त्यांची बॅग चार दिवस दिवाणावर लोळत पडली. डिसेंबरात सासूबाईंच्या दंडावर ओळीने गांधी उठायला लागल्या. आधी डास समजून कॉइल लावली, मग पित्त समजून आमसुलाचं पाणी चोळलं. एका रात्री दोन वाजता पाहते तर आई उशीचा अभ्रा उलटा करून, मोबाइलचा टॉर्च लावून बसलेल्या. "अगं, ढेकूण आहेत हे. गिरगावातल्या चाळीत वाढलेय मी, मला वासावरून कळतं." सकाळी दिवाणाची फळी उचलली. प्लायवूडच्या सांध्यात बॉलपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्या मध्ये मसुराच्या डाळीएवढे ते.

ढेकणाला घराच्या स्वच्छतेशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त रक्त लागतं. हे आज मी ठणकावून सांगते. तेव्हा मात्र कामाच्या मावशींनाही कळू नये म्हणून त्या खोलीचा केर मी स्वतः काढत होते. परवाना असलेल्या कंपनीचा माणूस गणवेशात, पाठीला पंप लावून जिन्यातून येणार आणि अख्खी विंग बघणार, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. अशात भाजीवाल्याच्या खांबावर एक कागद दिसला. 'ढेकूण मुळासकट. पेस्ट कंट्रोलची गरज नाही, घरच्या घरी करा. कोणाला कळणारही नाही.' शेवटच्या ओळीवर मी विकली गेले.

माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चपला दाराबाहेर काढून आत आला. पिशवीतून त्याने लोणच्याची छोटी बरणी काढली. आत कागदाची घडी आणि तिच्यावर फिरणारे दोन जिवंत ढेकूण. "ताई, मोजा." दोन फवारे मारले. मी आठपर्यंत पोचले तोवर दोन्ही पाय वर. मग तो दिवाणापाशी बसला, खाली कोरा कागद पसरला, सांध्यात फवारलं, आत हात घातला आणि फळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चार ठोके दिले. कागदावर सहा-सात मेलेले ढेकूण पडले. माझ्या अंगावर काटा आला आणि हात पर्सकडे गेला.

आता या दोन्ही जादू उलगडून सांगते. बरणीतल्या ढेकणावर साधं स्पिरिट थेट पडलं तरी तो मरतो. साबणाच्या पाण्यानेही मरतो. समोर दिसणारा ढेकूण मारणं हे काही कसब नाही. प्रश्न असतो तो फटीत बसलेल्यांचा आणि मिलिमीटरभर, पांढऱ्या, चिकटलेल्या अंड्यांचा. स्पिरिट वाळलं की संपलं, मागे काही उरत नाही. आणि कागदावर पडलेले? ते कोरडे होते, चुरमुऱ्याच्या सालासारखे. तो कागद मी स्वतः चुरगाळून फेकला होता आणि त्याच्यावर एकही डाग पडला नव्हता. आमच्या घरातले ढेकूण आमचंच रक्त पिऊन टम्म झालेले, एक चिरडला तर चादर काळपट लाल व्हायची. दोन मिनिटांपूर्वी मेलेला ढेकूण असा वाळतो होय? ते त्याच्या हाताच्या मुठीतून आले होते. पण हे सुचलं तीन आठवड्यांनी.

त्याने दिलं ते असं: 'आयुर्वेदिक अर्क' म्हणून पाच लिटरचं पांढरं कॅन, प्लगमध्ये खोचायचं एक अल्ट्रासॉनिक मशीन आणि लॅमिनेट केलेलं सहा महिन्यांचं गॅरंटी कार्ड. ३,८०० रुपये. यूपीआयवर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." बिल मागितलं तर, "ताई, बिल घेतलं तर अठरा टक्के वर लागतील." आणि मीच मनात हिशेब केला की ६८४ रुपये वाचले! बँकेतल्या नवऱ्याची बायको मी. हे अजून त्यावरून टोमणे मारतात.

कॅनवर लेबल होतं ते पानाफुलांचं. आपल्याकडे १९६८ पासून कीटकनाशकांचा कायदा आहे. खऱ्या औषधाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक असतो आणि चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. या कॅनवर ना क्रमांक, ना त्रिकोण, आत काय आहे तेही लिहिलेलं नाही. असल्या पाण्याने मी जिथे आई झोपतात ती गादी भिजवली.

आठ दिवस शांतता. आम्ही खूश, मी तर त्याला आभाराचा मेसेजही पाठवला. अकराव्या दिवशी आईंच्या दंडावर पुन्हा ओळ. यात चमत्कार नाही. जे समोर सापडले ते मेले होते, आणि आपल्या हवेत अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. त्यालाही हे गणित पाठ होतं, कारण फोन केल्यावर तो लगेच म्हणाला, "अंडी फुटली ताई, दुसरा डोस लागणार. पंधराशे." दिले. एकूण झाले ५,३००. फवाऱ्यामुळे उरलेले इकडेतिकडे पांगून हॉलच्या सोफ्यात शिरले, तो बोनस.

मशीनची गंमत वेगळी. निळा दिवा लुकलुकायचा आणि म्हणे त्याच्या लहरींनी ढेकूण घर सोडतात. एका रविवारी पुसायला म्हणून काढलं तर मशीनच्याच जाळीत दोन ढेकूण, ऊब घेत बसलेले. नंतर वाचलं की अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की दाव्याला शास्त्रीय पुरावा हवा. आपल्याकडे तीच यंत्रं अजून दिवाळीच्या सेलमध्ये.

इथवर पैशांचंच नुकसान होतं. तिसऱ्यांदा तो "गॅरंटीमध्ये, फुकट" म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेली पुडी देऊन गेला. आत राखाडी गोळ्या. "रात्री खोलीत चार ठेवा, दार लावा, तुम्ही हॉलमध्ये झोपा. सकाळी खेळ खलास." त्याच संध्याकाळी माझा मावसभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, हे आमचं नशीब. तो वाशीच्या धान्य बाजारात कामाला आहे. पुडी सोडताच त्याने ती पुन्हा बांधली, बाल्कनीत नेऊन ठेवली आणि माझ्यावर ओरडला, "ताई, ही गव्हाच्या गोदामातली गोळी आहे! अख्खं घर मारशील!"

ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या नुसत्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, कधी तोही येत नाही. लावलेल्या दाराखालून तो शेजारच्या खोलीत सहज येतो, आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी वापरायचीच नसते. माझ्या हॉलमध्ये त्या रात्री एकोणऐंशी वर्षांच्या आई झोपणार होत्या. तुम्हाला कोणी सुटी, बिनलेबलची गोळी देऊ केली तर ती घरात घेऊ नका. फुकट असली तरी.

त्या माणसाचा फोन पुढे बंदच झाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. बिल आहे का, दुकानाचं नाव काय, पत्ता काय? माझ्याकडे लॅमिनेट केलेलं कार्ड होतं आणि कोणाच्या तरी मिसेसचं खातं.

मग आम्ही जे केलं त्याला तीन महिने लागले. हे म्हणाले रॉकेल ओतू, त्यांना गप्प बसवलं; ढेकणांपायी घराला आग लावायची नव्हती. दिवाण स्क्रू काढून पूर्ण खोलला. कपड्यांच्या स्टीमरच्या तोंडाला फडकं बांधून, नाहीतर वाफेच्या झोताने ते उडून जातात, वीतभर सांध्याला दहा-पंधरा सेकंद अशी वाफ दिली. चादरी, अभ्रे ६० अंशांवर धुतले. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ते खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात. काळ्या पिशवीत पातळ पसरलेले कपडे मे महिन्यात गच्चीवर ५४ अंशांपर्यंत तापले, पण गादीच्या पोटात थर्मामीटर ४१ वर अडला. ढेकूण आणि अंडी खात्रीने मरायला पन्नासच्या चांगलं वर जावं लागतं. म्हणून गादीला चहूबाजूंनी चेनचं कव्हर घातलं, ते वर्षभर काढायचं नाही, कारण ढेकूण उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरतो. भिंतीच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या.

आईंना लोखंडी कॉटवर झोपवलं, कॉट भिंतीपासून हातभर लांब, चारही पाय टाल्कम पावडर लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाऊलमध्ये. ढेकणाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही, चढायला पायच हवा. सकाळी बाऊलमधले मोजून आई कालनिर्णयवर आकडा लिहायच्या. पहिल्या दिवशी १४, मग ९, ११, ६. दुधाच्या हिशेबाशेजारी ढेकणांचा हिशेब. जूनच्या पानावर १२ तारखेनंतर सगळी शून्यं आहेत.

ढेकूण वायरिंगच्या पाइपातून, भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरात जातात, म्हणून जुलैच्या सोसायटी मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा विषय संपल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बरणी, मशीन, गोळ्या, रक्कमसुद्धा. खोलीत कोणी बोलेना. खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग मागच्या रांगेतून, चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी हळूच विचारलं, "वहिनी, त्या कॅनचं झाकण लाल होतं का?"