आपोआप भरणारा पोहण्याचा पूल: दीड वर्षाच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात रात्री दोनला पावसाचा आवाज एकदम वाढला, तशी मी टॉर्च घेऊन मागच्या दारी गेले. पूलचं पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. मागच्या जुलैत हेच पाणी आमच्या पडवीत शिरलं होतं. म्हणून आता लिहायला बसले आहे.

कर्जतजवळ आमचं घर आहे. पूल ८ मीटर बाय ४ मीटर, स्किमरवाला (म्हणजे काठातल्या तोंडातून वरचं पाणी आणि पाचोळा ओढून घेणारा), साधारण ४३ हजार लिटरचा. फिल्टर, पंप, दिवे सगळं व्यवस्थित चालतं, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. मला बोलायचंय ते काठाला बसवलेल्या छोट्या चौकोनी पेटीबद्दल. आत एक बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ असतो, वरच्या टाकीतून पाणी येतं आणि पूल आपला आपण भरतो.

पहिले तीन महिने मी या पेटीवर बेहद्द खूश होते. पाणी स्किमरच्या तोंडाच्या मध्याच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो, फार वर गेलं की वरचा पाचोळा आत खेचला जात नाही. ही रोजची कटकट पेटीने संपवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती उघडून दाखवायचे.

एप्रिलमध्ये बोअरचं पाणी उतरलं आणि आठवड्याला १० हजार लिटरचा एक टँकर लागायला लागला. घरात माणसं चार. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात पाणी उडतंच." उडतं हे खरं, पण किती? कडक उन्हात दिवसाला ६ मिलिमीटर धरा. ३२ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर, म्हणजे दिवसाला १९२ लिटर. आठवड्याचे झाले साडेतेराशेच्या आत. मग बाकीचं पाणी गेलं कुठे?

मला वाटलं, पूल गळतोय. बादलीचा प्रयोग केला. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणून दोन्हीकडे खूण करायची, भरण्याचा नळ आणि पंप बंद ठेवून २४ तास थांबायचं. बाहेरचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं तर गळती. आमचं दोन्हीकडे सारखंच उतरलं. म्हणजे पूल गळत नव्हता. मी भरण्याच्या पाइपवर एक साधं मीटर बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आकडा होता १,३८० लिटर.

उत्तर सासूबाईंना सापडलं. "अगं, मे महिन्यात अळू एवढं कसं माजलंय, बघितलंस का?" त्या म्हणाल्या. मागे शोषखड्ड्याजवळ त्यांनी अळूचे चार कंद लावले होते. सगळं आवार वाळून करपलेलं आणि तिथे पानं सुपाएवढी, खाली चिखल. खड्ड्याचं झाकण सरकवलं तर ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पूलमधलं जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. ऐन उन्हाळ्यात!

पट्टी घेऊन मोजलं. बॉलकॉक ज्या पातळीला बंद होणार, ती ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा १ सेंटीमीटर वर होती. पाणी तिथवर पोचणारच नाही, त्याआधीच ओव्हरफ्लोतून वाहून जाणार. त्यामुळे कॉक कधीच पूर्ण बंद होत नव्हता. एका बाजूने टँकरचं पाणी आत, दुसऱ्या बाजूने खड्ड्यात, रात्रंदिवस. बादलीच्या वेळी नळ बंद होता, म्हणून तिथे काही कळलं नाही. स्क्रू फिरवून बॉल खाली घेतला, ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली अडीच सेंटीमीटरवर कॉक बंद होईल असा. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मीटरवर २१० लिटर.

सहा टँकरचे पैसे आम्ही भरले होते. त्या १ सेंटीमीटरचा राग मला अजून आहे. पूल ताब्यात देताना ठेकेदाराने एक पट्टी लावली असती तर पुरे होतं. तो म्हणाला, लक्ष तुम्ही ठेवायला हवं होतं.

मला वाटलं विषय मिटला. मग जुलै आला. ओव्हरफ्लोचा पाइप ५० मिलिमीटरचा, त्यात दोन एल्बो (काटकोनी वळणं), आणि फिल्टरच्या बॅकवॉशची, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुतल्यावर निघणाऱ्या पाण्याची लाइनही त्यालाच जोडलेली. शिवाय काठावरच्या ६० चौरस मीटर फरशीचा उतार पूलकडे. तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर पूल आणि फरशी मिळून ९,२०० लिटर पाणी, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. आमच्याकडे असे पाऊस होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा नुसत्या पूलवर पडला तरी ३० हजार लिटर होतात. त्यात पावसाळ्यात जमीन आधीच तुडुंब असते, शोषखड्डा पाणी घेतच नाही. त्या रात्री पाणी पाइपातून उलटं वर आलं, पंपघरात गेलं आणि मग पडवीत. ओव्हरफ्लोच्या जाळीवर सागाची दोन पानं चिकटून बसली होती, त्यांनी उरलंसुरलं तोंडही बंद केलं.

ठेकेदाराचा सल्ला होता, पावसाळाभर पूल रिकामा ठेवा. हे कुणीही ऐकू नका. भूजल वर आलेलं असताना रिकामा पूल खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो, तळाला तडे जातात. भरलेलं पाणीच त्याला दाबून धरतं.

ऑक्टोबरात दुसऱ्या प्लंबरकडून काम करून घेतलं. ओव्हरफ्लोला ११० मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, चांगला उतार देऊन थेट पावसाच्या गटारात. बॅकवॉश शोषखड्ड्यातच. फरशीचा उतार पूलपासून उलटा फिरवला, कडेने जाळीचं पन्हळ. सपाट जाळीच्या जागी घुमटासारखी, म्हणजे पान चिकटलं तरी बाजूने पाणी जातं. पेटीत येणाऱ्या नळाचं तोंड पाण्यात बुडालेलं होतं, तेही वर घेतलं. नाहीतर टाकी रिकामी असताना खालच्या बाथरूमचा नळ उघडला तर पूलचं पाणी घरच्या पाइपात ओढलं जाऊ शकतं. सगळे मिळून ३८ हजार. सुरुवातीला, फरशी बसायच्या आधी हेच केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

पेटी घ्यावी का? घ्यावी, पण मीटर लावूनच. बोअरच्या क्षारामुळे बॉलकॉकचा वायसर चिकटतो, दर दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये टाकावा लागतो. पाऊस लागला की मी पेटीचा नळ बंदच करते.

यंदा मे महिन्यात अळू सुकलं. सासूबाई आता त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालतात.