वादळासाठीचे रोलिंग शटर: माल चांगला, पण ऑर्डर एकेकट्याने देऊ नका

बिल्डिंगमध्ये खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमचे रोलिंग शटर बसवून दोन वर्षं झाली, मधे एक मोठं वादळ पण होऊन गेलं म्हणून आता लिहितेय. शटर दणकट आहेत. मोटरच्या जोडीला हाताने फिरवायचं हँडल मिळतं, ते घ्याच, कारण वादळात लाइट आधी जाते. घेताना त्याच मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मागा. कडक टेस्टमध्ये साधारण 4 किलोचं लाकूड सेकंदाला 15 मीटर वेगाने आपटतात, नुसतं 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

फिटिंगला मात्र मी नाराज आहे. बाहेरच्या भिंतीला भोकं पाडून अँकर (शटर भिंतीला धरून ठेवणारे बोल्ट) ठोकले, एका फ्लॅटला सिलंट (पाणी शिरू नये म्हणून फटीत भरतात ते) नीट भरलं नाही आणि खालच्यांच्या हॉलमध्ये ओल आली. आता भिंत सोसायटीची, खिडकी फ्लॅटवाल्याची, मग शटर कोणाचं? फिटिंगवाले म्हणाले ऑर्डर फ्लॅटवाल्याने दिली, सोसायटीशी आमचं काही बोलणंच झालेलं नाही, आणि कमिटी म्हणाली आम्ही फक्त परवानगी दिली. खालचे बिचारे तीन महिने भिंत पुसत बसले.

आणि खरी भीती वेगळीच आहे. वादळाच्या दिवशी एक फ्लॅट बंद होता, मालक गावाला, शटर वरच. काच फुटली, वारा आत घुसला, आतून इतका दाब आला की मेन दरवाजा चौकटीसकट उखडला आणि पाणी पॅसेजमधून शेजाऱ्यांकडे गेलं, ज्यांनी स्वतःची शटर वेळेत लावली होती त्यांच्याकडे! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिथे काचेवर चिकटपट्टी मारून काहीच होत नाही हो.

म्हणून सांगते, सगळ्या बिल्डिंगची एकच ऑर्डर सोसायटीच्या नावाने द्या. भोकांची आणि गळतीची गॅरंटी कोणाची, शटर ज्यात सरकतं ते ट्रॅक दरवर्षी साफ कोण करणार, मालक नसेल तर चावी कोणाकडे आणि शटर कोण पाडणार हे मीटिंगमध्ये ठराव करून लिहून घ्या. कोपऱ्यातल्या फ्लॅटना वाऱ्याची ओढ जास्त बसते, तिथे अँकर किती लागतील हे इंजिनिअरकडून काढून घ्या, फिटिंगवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

शटरला पाचपैकी साडेचार, फिटिंगला दोन. सिलंट त्यांनी शेवटी येऊन भरून दिलं, पण खालच्यांच्या रंगाचा खर्च अजून कोणी दिलेला नाही.