गोव्याच्या पाण्यात कुठलं डिझेल इंजिन: व्होल्वो पेंटा, यानमार की कमिन्स?

आत्येभावाने ३२ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. सांगाडा धडधाकट, इंजिन मात्र भंगारात घालण्याजोगं. त्याने फोन केला, "व्होल्वो घालू, यानमार घालू की कमिन्स? एका शब्दात सांग." मी विचारलं, "पावसात बोट कुठे ठेवणार?" त्याला वाटलं, मी उत्तर टाळतोय.

गोव्यात हौसेची बोट जून ते सप्टेंबर बांधलेलीच असते. मांडवीच्या मुखावर, आग्वादच्या बाजूला वाळूचा उंचवटा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटायला लागल्या की हौशी माणसाचं तिथे काम नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरसुद्धा मालीमच्या धक्क्याला एकमेकांना खेटून उभे असतात. पण ट्रॉलरचं इंजिन उरलेला हंगामभर राबतं आणि आपलं रविवारी दोन तास. वर्षाला दीडशे तास भरले तरी डोक्यावरून पाणी. एवढ्यात कुठल्याच नावाजलेल्या डिझेलचे पिस्टन झिजत नाहीत. इंजिन मरतं ते उभं राहून: आत अडकलेल्या खाऱ्या पाण्याने, दमट हवेने, अर्ध्या टाकीत घाम धरून साचलेल्या पाण्याने. म्हणून चवथीनंतर बोटीचं झाकण उघडल्यावर काय काय खराब झालेलं असेल आणि ते दुरुस्त करायला कोण येईल, या दोन प्रश्नांवर मी या तिन्ही कंपन्या जोखतो.

डिझेलच्या खर्चाचा मुद्दा आधीच निकालात काढतो. आजचं कुठलंही डिझेल इंजिन पूर्ण दाबावर एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२ लिटर पितं. ३०० अश्वशक्ती म्हणजे तासाला ६० लिटरच्या आसपास, मग झाकणावर नाव कोणाचंही असो. दोन कंपन्यांतला फरक इतका किरकोळ, की तळाला कालवं चढली की महिन्याभरात तो कुठल्या कुठे जातो.

अश्वशक्तीच्या आकड्याखालची बारीक अक्षरं मात्र वाचाच. व्होल्वो पेंटाचं रेटिंग ५ हे फक्त मालकाच्या स्वतःच्या हौसेसाठी असतं, वर्षाला साधारण ३०० तासांच्या आत. कमिन्सचं हाय आउटपुट रेटिंगही हौशी वापरासाठीच: वर्षाला ५०० तासांपर्यंत, आणि दर आठ तासांत एकच तास पूर्ण दाबावर. तोच ब्लॉक धंद्याच्या बोटीला कमी अश्वशक्तीवर देतात, तो उगाच नाही. उद्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट भाड्याने लावायचा विचार मनाच्या कोपऱ्यात असेल, तर तो आजच डीलरला सांगा. नाहीतर वॉरंटीवरून भांडण ठरलेलं.

आता एकेक कंपनी. व्होल्वो पेंटाचं खरं बळ हे की इंजिन, गिअर, पाण्यातला पाय आणि हातातला थ्रॉटल, सगळं एका घरचं येतं. १९५९ साली त्यांनी ॲक्वामॅटिक नावाचा स्टर्नड्राइव्ह आणला, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय बोटीच्या मागे लटकलेला. हौशी बोटींत आजही त्यांचं तेच राज्य आहे. डी४ हे ३.७ लिटरचं चार सिलिंडरचं, डी६ साडेपाच लिटरचं सहा सिलिंडरचं. मोठ्या अश्वशक्तीच्या डी४ ला टर्बोच्या जोडीला पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर असतो, त्यामुळे आठ माणसं आणि बर्फाची पेटी घेऊनही बोट चटकन पाण्यावर उठते. ती मजा काही औरच, खोटं कशाला बोलू.

पण तो ॲल्युमिनियमचा पाय बारा महिने पाण्यात. त्याच्या सांध्यावरचा घडीदार रबरी बेलो फाटला की पाणी आधी बेअरिंगमध्ये आणि मग बोटीत. शिवाय आपल्या नद्यांची एक खोड आहे. उन्हाळ्यात मांडवी पणजीपर्यंत चक्क खारी असते, पावसाळ्यात वरून लाल पाण्याचा लोंढा आला की जवळजवळ गोडी होते. पायाऐवजी स्वतः गंजून जावा म्हणून लावलेला धातूचा तुकडा म्हणजे ॲनोड. खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्या जस्ताच्या ॲनोडवर गोड्या पाण्यात थर धरतो आणि तो झोपी जातो. मग गंज ॲनोड सोडून पायाला खातो. नदीत बांधून ठेवायच्या बोटीला ॲल्युमिनियमचे ॲनोड लावावेत, ते दोन्ही पाण्यांत चालतात. बोट ट्रेलरवर काढून कोरड्यात ठेवणार असाल तर व्होल्वोबद्दल माझी तक्रार नाही. एक मात्र बघा: त्यांची इलेक्ट्रॉनिक्स वाचायला त्यांचंच यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो माणूस किती तासांत पोचेल, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

यानमार जपानची, १९१२ ची कंपनी. १९३३ साली त्यांनी छोट्या आकाराचं डिझेल इंजिन चालवून दाखवलं आणि छोट्या डिझेलवर त्यांचा हात बसला तो बसलाच. मात्र यानमार घेतलं म्हणजे सगळं यानमारचंच असतं असं नाही. ४एलव्ही आणि ८एलव्ही यांचं मूळ इंजिन टोयोटाचं. ४एलव्हीचं २.८ लिटरचं इंजिन आपल्या रस्त्यांवरच्या फॉर्च्युनरच्या कुळातलं. (म्हणून ते फॉर्च्युनरच्या वर्कशॉपला नेऊ नका, समुद्राच्या पाण्याची सगळी जोडणी वेगळी असते.) ८एलव्ही साडेचार लिटरचं व्ही-८, ३७० अश्वशक्तीपर्यंत, आणि वजन गिअर सोडून सव्वाचारशे-साडेचारशे किलो. कमिन्सचं क्यूएसबी ६.७ साडेसहाशेच्या आसपास जातं. म्हणजे बोटीच्या पाठीमागे तीन जाडजूड पाहुणे कायमचे बसल्यासारखे. ३० फुटांखालच्या हलक्या बोटीत हा फरक पहिल्याच फेरीत कळतो. जुन्या बाजारात ६एलवाय दिसलं तर थांबून बघा. ते यानमारचं स्वतःचं, ५.८ लिटरचं, यांत्रिक पंपाचं, फारशा वायरी नसलेलं इंजिन. सप्टेंबरच्या दमट हवेत जेवढे कनेक्टर कमी, तेवढी डोकेदुखी कमी.

कमिन्स अमेरिकेची खरी, पण १९६२ पासून पुण्यात कोथरूडला आहे, आणि १९९३ च्या टाटा कमिन्समुळे जमशेदपूरहून निघालेली बी सिरीज देशभरच्या ट्रकांत बसली. ५.९ लिटरचं ६बीटीए आणि त्यापुढचं क्यूएसबी ६.७ त्याच घराण्यातली. याचा फायदा असा की कान देऊन या इंजिनाचं दुखणं ओळखणारा मेस्त फोंड्याच्या ट्रकवाल्यांतही भेटतो, आणि नोझल तपासायला पंपवाला शोधत मुंबई गाठावी लागत नाही. फायदा तेवढाच धरा. समुद्राच्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर, आफ्टरकूलर हे भाग ट्रकला नसतातच, ते मागवावेच लागतात. आवाज आणि वजन दोन्ही जास्त. माझं मत विचाराल तर आवाज सहन होतो.

आफ्टरकूलरचं नाव निघालंच आहे तर इथे थोडा थांबतो, कारण विकणारा याबद्दल सहसा अवाक्षर काढत नाही. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा हा डबा. एका बाजूने समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूने इंजिनात जाणारी हवा, मध्ये पातळ नळ्या. माझ्या बोटीचा पाच वर्षं उघडला नव्हता, दोष सर्वस्वी माझा. ब्रिटोनाला एका शेडमध्ये मेस्तने टोकाची झाकणं काढली, लाकडी ठोकळा लावून हातोड्याने गाभा हलवायला घेतला. पाऊण तास तो जागचा हलेना. निघाला तेव्हा ॲल्युमिनियमच्या आवरणावर पांढऱ्या पिठाचा थर, नळ्यांच्या टोकांना हिरवा गंज, आणि हवेच्या बाजूला, जिथे ठणठणीत कोरडं हवं तिथे, एक ओलसर रेघ. मेस्तने बोट लावून जिभेवर टेकवलं आणि म्हणाला, "मीठ." पुढचा मुक्काम सिलिंडर होता. इंजिन कुठल्या कंपनीचं ते सांगून उपयोग नाही, डी४, ६एलवाय, क्यूएसबी सगळ्यांत ही जागा आहे. दर दोन वर्षांनी गाभा बाहेर काढून, धुऊन, दाब देऊन तपासून, ग्रीस लावून परत बसवायचा. म्हणून बोटीत इंजिन कसं बसणार ते बघताना त्या बाजूला हातोडा फिरवण्याएवढी जागा राहते का, तेही बघा.

मर्क्युरीची काही डिझेल इंजिनं फोक्सवॅगनच्या मुळावरची. छान, गुळगुळीत, पण मी फार जवळून हाताळलेली नाहीत. किर्लोस्कर आणि अशोक लेलँड धंद्याच्या संथ बोटींना शोभतात, पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीत त्यांचं वजन नडतं.

भावाची बोट शाफ्टची, म्हणजे पंखा तळाखालून निघालेल्या सरळ दांड्यावर, तळ जड, पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात बांधायची. मी कमिन्स सांगितलं. हीच बोट २८ फुटी असती तर यानमार म्हणालो असतो, आणि स्टर्नड्राइव्हची असून अंगणात ट्रेलरवर राहणार असती तर व्होल्वो.

शेवटचा हप्ता मात्र चाचणीनंतरच द्यायला लावला. टाक्या भरायच्या, नेहमीची माणसं चढवायची, थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि आरपीएमचा आकडा बघायचा. डी४-३०० ने ३५०० गाठायला हवेत, ४४० अश्वशक्तीच्या ६एलवायने ३३००, ३८० च्या क्यूएसबीने ३०००. त्याच्या आत अडकलं तर पंखा मोठा आहे. इंजिन कण्हत चालतं, धूर काळा येतो आणि एक्झॉस्ट तापतो. पंखा जुन्याच इंजिनाचा ठेवला होता. रायबंदरसमोर भावाने दट्ट्या पूर्ण दाबला आणि काटा ३००० ऐवजी २८२० वर जाऊन बसला. सेल्समन म्हणाला, "एवढं चालतं." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. पंखा सध्या पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, कमी करायला गेलाय आणि चेक भावाच्या खिशात आहे.