पाच हौशी बँड, एक ड्रमसेट आणि पैशांचा चोख हिशेब

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवण्याकरिता कोथरूडमधील एका शाळेच्या सभागृहात गेल्या शनिवारी हौशी रॉक बँडांचा कार्यक्रम झाला. तो मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकला आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. अशा कार्यक्रमांविषयी लिहिताना बहुतेकजण हेतू चांगला होता एवढे म्हणून थांबतात. मला ते संगीतावरही अन्याय करणारे वाटते आणि देणगीदारांवरही. चारशे रुपयांचे तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन गोष्टी विचारण्याचा हक्क आहे: वाजवणाऱ्यांनी तालीम केली होती का, आणि आपल्या चारशे रुपयांतले मुलांपर्यंत किती पोचणार. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली. उणे राहिले ते ध्वनिव्यवस्थेत, आणि ते खर्च फारसा न वाढवता भरून काढता येण्याजोगे आहे.

पत्रिकेवर संध्याकाळी सहाची वेळ होती, पडदा साडेसहाला उघडला. एकूण पाच बँड होते. प्रत्येकाला तीस मिनिटे आणि मध्ये मांडामांडीसाठी दहा मिनिटे असा आराखडा होता आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला. याचे श्रेय ‘एकच ड्रमसेट, एकच बेसचा अँप (आवाज मोठा करणारे यंत्र)’ या निर्णयाला दिले पाहिजे. प्रत्येक बँडने आपापली सामग्री आणली असती, तर अर्धी संध्याकाळ वायरी गुंडाळण्यात गेली असती. इथे ड्रम वाजवणाऱ्याने फक्त स्वतःचा स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि किकचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, पेडल आणायचे, गिटारवाल्यांनी गिटार आणि तिचा आवाज बदलणाऱ्या पेडलांचा बोर्ड घेऊन उभे राहायचे, असे आधीच ठरलेले होते. एका विंगेत पुढचा बँड गिटारी सुरात लावून तयार असे आणि दुसऱ्या विंगेतून आधीचा बँड बाहेर पडे. इतकी शिस्त मी व्यावसायिक महोत्सवांतही नेहमी पाहिलेली नाही.

तरीही एक गोष्ट राहून गेली होती. लाकडी रंगमंच गुळगुळीत होता आणि दुसऱ्या बँडच्या जोरकस ड्रमरच्या प्रत्येक ठोक्यासरशी किकड्रम बोटभर पुढे सरकत होता. दुसऱ्या गाण्यात त्याच्यापर्यंत पाय पोचेनासा झाला, तशी विंगेतली एक स्वयंसेविका शाळेची निळी सतरंजी घेऊन आली. गाणे संपताच दोघांनी सेट उचलून धरला, तिने सतरंजी खाली सरकवली आणि किकच्या पुढे दोन विटा टेकवल्या. त्यानंतर रात्रीपर्यंत तो सेट जागचा हलला नाही. ड्रमखाली गालिचा घालणे हा या क्षेत्रातला अगदी पहिला धडा आहे. पुढच्या वेळी सतरंजी सकाळीच अंथरलेली असावी.

‘हौशी’ हा शब्द मराठीत कमीपणाचा नाही. हौशी रंगभूमीने आपल्याला शिकवले आहे, की दिवसा कचेरीत किंवा वर्गात असणारी माणसे रात्री तालमी करून जे उभे करतात, ते पोटासाठी केलेल्या कामापेक्षा कित्येकदा अधिक जिवाभावाचे असते. पहिला बँड अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा होता. वेग भरपूर होता, पण आवाजातल्या चढउताराची जाण अजून यायची आहे, आणि सगळी गाणी एकाच कमाल आवाजात वाजवल्याने तिसऱ्या गाण्यापासून कान थकले. दुसऱ्या बँडमधली मंडळी चाळिशीपुढची होती. त्यांनी जुनी इंग्रजी गाणी जशीच्या तशी, अदबीने वाजवली. तिसऱ्या बँडमध्ये तिघी मुली होत्या. त्यांच्या बेस वाजवणारीचा ताल त्या संध्याकाळचा सर्वांत पक्का ताल होता. किक आणि बेस एकाच क्षणी पडत होते आणि ती जोडी जमली की गिटारला मोकळेपणी फिरता येते, हे त्यांचे ऐकताना स्पष्ट कळत होते. पाचव्या बँडबद्दल एवढेच म्हणेन, की दमलेल्या श्रोत्यांसमोर शेवटी उभे राहणे कठीण असते आणि त्यांनी ते नेटाने निभावले.

चौथ्या बँडविषयी मात्र सावकाश लिहायला हवे, कारण त्यांनी संपूर्ण तीस मिनिटे मराठीत गायन केले. मराठी रॉक ही आता नवलाई उरलेली नाही. ‘अभंग रीपोस्ट’सारख्या बँडने संतवाणीला गिटार आणि ड्रमची साथ देऊन तरुण श्रोते मिळवले आहेत. तरीही मोठ्या आवाजातल्या रॉकमध्ये मराठी शब्द बसवणे सोपे नसते. आपल्या भाषेत ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे ठसठशीत उच्चार आहेत, ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचे वजन बदलते, आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली, गिटार नेमक्या गायकाच्या आवाजाच्याच पट्ट्यात घोंघावत असेल तर शब्दांची टोके बोथट होतात. या मुलांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. गायक ओळ म्हणत असताना दोन्ही गिटारी फक्त दबक्या तारांवर ठेका धरत, आणि ओळ संपली की मगच पूर्ण आवाजात उसळत. त्यामुळे शब्द आणि गिटार एकमेकांच्या अंगावर न येता सवालजबाबासारखे आलटून पालटून येत गेले.

शेवटी त्यांनी एक अभंग घेतला. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि रॉकची नेहमीची चाल चारांच्या हिशेबाची. गणित सहज जुळते, म्हणून पुष्कळ बँड ठेका सोडून देतात आणि अभंगाखाली सरळधोट ड्रम वाजवतात. या ड्रमरने तसे केले नाही. मृदंगाच्या ठेक्यातली वजने त्याने फ्लोअर टॉम हा खर्जातला ड्रम आणि स्नेअरची कड यांवर वाटून घेतली आणि झांजेला जवळजवळ हात लावला नाही. सभागृहातले आजोबा-आजी आपोआप टाळ्यांनी ठेका धरू लागले. शेवटच्या चरणाला त्याने ठेका दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, नेला, तेव्हा पुढच्या रांगेतली मुले उभी राहिली होती. या एका अभंगासाठी चारशे रुपये कमी वाटले.

आता ध्वनिव्यवस्थेकडे वळतो. पहिल्या दीड तासात गायकांचे शब्द चौथ्या रांगेतही नीट कळत नव्हते. गिटारचे अँप थेट श्रोत्यांकडे तोंड करून ठेवलेले होते, त्यामुळे मधल्या रांगांत गिटार कानठळ्या बसवत होती आणि कडेच्या खुर्च्यांवर ती ऐकूच येत नव्हती. मी मध्यंतरात जागा बदलून दोन्हीकडे ऐकून पाहिले. एवढ्या लहान सभागृहात अँप आडवे, रंगमंचाच्या आतल्या बाजूला वळवून ठेवावेत, त्यांचा आवाज कमी ठेवावा आणि समोर माइक लावून मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, हवा तेवढाच बाहेर सोडावा; म्हणजे गायकाला ओरडावे लागत नाही आणि मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हाती काही उरते.

माइकच्या शिट्टीचाही त्रास झाला, पण तिचे कारण यंत्रात नव्हते. पहिल्या बँडचा गायक माइकची जाळीच मुठीत धरून गात होता. रंगमंचावर वापरतात ते माइक समोरचा आवाज घेतात आणि पाठीमागचा टाळतात, आणि हे साधते ते जाळीच्या मागच्या बाजूने आत येणाऱ्या हवेमुळे. मुठीने ती वाट बंद झाली की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, पायापाशी ठेवलेल्या मॉनिटरचाही (कलाकारांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून ठेवलेला स्पीकर), आणि शिट्टी सुरू होते. तिसऱ्या गाण्याआधी बेसवाल्याने काही न बोलता त्याची मूठ दांड्यावर खाली सरकवली आणि शिट्टी थांबली. विद्यार्थ्यांना हे एकदा तालमीतच दाखवून द्यावे.

पैशांच्या बाबतीत आयोजकांनी केलेले काम इतरांनी अनुकरण करावे असे आहे. संगीताच्या जोरावर मदतनिधी उभारण्याचा इतिहास पाहिला, तर 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातील निर्वासितांसाठी केलेले दोन प्रयोग आधी आठवतात. तिथे श्रोत्यांनी भरभरून दिले, पण कार्यक्रमाची धर्मादाय म्हणून आगाऊ नोंद झालेली नसल्याने ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे बरेच पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडले. इथल्या आयोजकांनी कागदपत्रांची तयारी आधी आणि पोस्टर नंतर असा क्रम ठेवला होता. दारात तिकिटाचा आणि देणगीचा असे दोन वेगळे टेबल होते. तिकिटाच्या बदल्यात आपण कार्यक्रम पाहतो, म्हणून ती देणगी ठरत नाही, आणि प्राप्तिकरातील सवलत हवी असेल तर 2000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊन चालत नाही, हे दोन्ही टेबलांवरच्या फलकांवर स्वच्छ मराठीत लिहिले होते.

मध्यंतरात पडद्यावर खर्चाच्या चार ओळी दाखवल्या गेल्या: ध्वनिव्यवस्थेचे भाडे, छपाई, टेम्पो आणि इतरांची गाणी जाहीरपणे वाजवण्यासाठी भरलेले परवाना शुल्क. सभागृह शाळेने विनामूल्य दिले होते आणि बँडांनी मानधन घेतले नव्हते. तिकिटांतून आलेल्या रकमेचा एक चतुर्थांशापेक्षा कमी भाग खर्चात गेला. परवाना शुल्काची ती ओळ पाहून मला विशेष समाधान वाटले, कारण चांगल्या कामाच्या नावाखाली गीतकार-संगीतकारांचा हक्क बुडवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

निधी कशासाठी आहे हेही मोघम ठेवलेले नव्हते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त चढवावे लागते. त्या रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह बाहेर काढायला औषधे लागतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर दरवेळी नवा वापरावा लागतो. जमलेली रक्कम या फिल्टरसाठी आणि औषधांसाठी आहे. एका डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत सांगितले, की आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्यांच्यात या आजाराचा दोष असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते आणि एचबीए2 ही साधी रक्ततपासणी लग्नाआधी करून घेता येते. भाषण एवढेच झाले, हारतुरे नव्हते, आणि श्रोत्यांनी ते शांतपणे ऐकले. बाहेर बचत गटाच्या महिलांचा थालीपिठाचा आणि चहाचा स्टॉल होता; थालीपीठ गरम आणि खरपूस होते, चहा मात्र लवकर संपला.

कार्यक्रम दहाच्या आत संपला, हेही नमूद करण्याजोगे आहे. बंदिस्त सभागृहाला दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या नियमातून सवलत असली, तरी शाळेच्या खिडक्यांतून आवाज सोसायट्यांपर्यंत जातोच. मुंबईत 1986 पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या रॉक महोत्सवाने गाजवलेले धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे अशा संगीताला कसे बंद झाले, हे त्या पिढीच्या श्रोत्यांच्या मनात अजून आहे. शेजाऱ्यांची मर्जी राखली तरच ही जागा पुढच्या वर्षी मिळेल.

एक त्रुटी आयोजकांनी मनावर घ्यावीच. श्रोत्यांत पाच-सहा वर्षांची मुले बरीच होती आणि काही जण स्पीकरपासून हातभर अंतरावर बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी 100 डेसिबलच्या सरासरीची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि ती मोठ्यांच्या कानांचा विचार करून. स्पीकरसमोरच्या दोन रांगा रिकाम्या ठेवाव्यात आणि देणगीच्या टेबलावर कानात घालायचे फोमचे बोळे विकायला ठेवावेत. मी माझ्या शेजारच्या मुलीला हातरुमालाच्या दोन गुंडाळ्या करून दिल्या. ती अभंग संपेपर्यंत कानांवर हात ठेवून, पण जागची न हलता ऐकत होती.