ट्रेकच्या शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगा चटणी: काय घ्यावं, किती घ्यावं, कुठे फसतं

सोलापूरहून राजगड, तोरणा किंवा सिंहगड एका दिवसात करायचा तर ग्रुपला आदल्या रात्रीच निघावं लागतं. पुणंच अडीचशे किलोमीटरवर. संध्याकाळी सातला भरलेला डबा गडावर दुसऱ्या दिवशी बाराला उघडतो, म्हणजे सतरा तासांनी. बटाट्याची भाजी, दहीभात, पनीर रोल इतका वेळ बॅगेत कोंडून भरवशाचे राहत नाहीत. पंधरा जणांत तिघांना वरती उलट्या-जुलाब सुरू झाले की अख्खा ग्रुप अडकतो आणि उतरताना अंधार पडतो. म्हणून शिदोरी ही चवीच्या आधी सुरक्षिततेची बाब आहे, आणि त्या कसोटीवर आपल्या पेठेतली कडक भाकरी आणि शेंगा चटणी बहुतेक तयार पाकिटांपेक्षा सरस ठरते. अट एकच: सोबत पाणी पुरेसं हवं.

टिकण्याचं कारण साधं आहे. भाकरी पातळ थापून भाजतात, मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी निघून जाईपर्यंत वाळवतात. ओल नाही, त्यामुळे बुरशीला वाव नाही. गरम करावी लागत नाही, हाही मोठा फायदा. गडावर चूल पेटवली की धूर कड्यावरच्या आग्या मोहोळापर्यंत जातो, आणि चवताळलेल्या माश्यांपासून अरुंद वाटेवर पळायला जागा नसते.

खरेदी करताना भाकरीची कड मोडून बघा. कट्‌ असा आवाज येऊन ती सरळ तुटली पाहिजे. कड कडक पण मधला भाग वाकतोय, तर आत ओल राहिली आहे. ती दोन दिवसांत घरी संपवायला ठीक, ट्रेकला नको. ज्वारीची की बाजरीची हा आवडीचा प्रश्न. आमची पसंती ज्वारीला, कारण ती चवीला सौम्य असते आणि चटणीबरोबर जास्त खाल्ली जाते. आकार दुकानागणिक बदलतो, तेव्हा नग मोजू नका, वजनावर घ्या.

चटणी मात्र उखळात कुटलेलीच घ्या. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होणारी बनते. भाकरीच्या तुकड्यावर दाबली की बसते. मिक्सरमधली कोरडी पूड माचीवरच्या वाऱ्यात उडते, घशात जाते आणि दम लागलेल्या माणसाला ठसका लागतो. वास खवट आला किंवा दाणा कडवट लागला तर ती चटणी घेऊच नका. तिखटपणा आधी विचारा. झणझणीत चटणी घरी छान, पण चढावर तहान वाढवते आणि पित्ताचा त्रास असलेल्याला उतरताना छळते. मध्यम तिखट पुरे.

माणशी हिशोब असा: भाकरी ११० ग्रॅम, चटणी ५० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम, एक काकडी, अर्धं लिंबू. यातून आठशेच्या आसपास कॅलरी मिळतात. पंधरा जणांना तुकडे-चुरा धरून दोन किलो भाकरी, पाऊण किलो चटणी, अर्धा किलो गूळ लागेल. काकडी अख्खी न्या, वरच चिरा. सगळी भाकरी शिखरावर एकदम खाण्यापेक्षा दर तास-दीड तासाने चतकोर आणि गुळाचा खडा बरा. पोट जड होत नाही.

आता उणी बाजू. हे जेवण कोरडं आहे. माणशी तीन लिटर पाणी धराच, त्यातलं अर्धा लिटर फक्त जेवणासाठी राखून ठेवा. दोघांत एक ओआरएसचं पाकीट घ्या आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या बाटलीत ओतलं तर मीठ-साखरेचं प्रमाण दुप्पट होतं आणि त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पावसाळ्यात दुसरी अडचण. सह्याद्रीच्या धुक्यात उघडी भाकरी बघता बघता सादळते आणि चामट होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाशी आणि वर सुती कापड घाला म्हणजे भाकऱ्या हलणार नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते. चटणी रुंद तोंडाच्या बरणीत, बरणी पिशवीत, तेल झिरपतंच.

सगळं खाणं एकाच्या पाठीवर देण्याची सवय ग्रुपला महागात पडते. तो पुढच्या टोळीबरोबर निघून जातो आणि मागे राहिलेले, आधीच थकलेले लोक उपाशी चालतात. प्रत्येकाचा वाटा प्रत्येकाकडे द्या. जादा भाकरी, ओआरएस, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी सगळ्यात शेवटी चालणाऱ्या अनुभवी माणसाकडे. माकडं असतील तिथे डबा बाहेर काढून ठेवू नका.

निघण्याआधी दोन प्रश्न प्रत्येकाला विचाराच: शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, आणि दातांचा त्रास आहे का. ॲलर्जी असलेला एक जरी असेल, तर शेंगा चटणी संपूर्ण ग्रुपसाठी रद्द करा, कारण हात आणि डबे सगळ्यांचे एकत्र होतात. जवसाची किंवा कारळाची चटणी घ्या, पण तीही शेंगदाण्याविना कुटलेली असल्याची खात्री करून. कवळीवाल्यांना धपाटे द्या, मात्र ते पहाटेच्या नाश्त्यालाच संपवा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते आंबतात.