साधं कार्ड की ओसी कार्ड?
ऐरोलीचा भाचा आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घेताना अडलाय: साधं घ्यावं की कंपनीनेच क्लॉक (चिपचा वेग) वाढवलेलं, म्हणजे ओसी (ओव्हरक्लॉक्ड)?

साध्याचा बूस्ट क्लॉक (भार पडल्यावर चिप गाठते तो वेग) २४६० मेगाहर्ट्झ. बहुतेक ओसी मॉडेलांचा जेमतेम काही टक्के जास्त. खेळताना तो फरक जाणवत नाही. तेवढा वेग आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवून फुकटात मिळतो. मात्र प्रत्येक चिप वेगळी. माझं कार्ड पंचवीस-पंचवीस मेगाहर्ट्झने चढवत गेलो. १५० वर पडद्यावर ठिपके चमकायला लागले, १२५ वर आणलं आणि तिथे ते टिकलं. संध्याकाळ गेली, पण शिकलो.

खरा फरक कूलरचा. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत मोठा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) असला की पंखे शांत राहतात. जास्तीचे पैसे द्यायचेच तर त्यासाठी द्यावेत.

भाच्याला हौस आहे, वेळही आहे: त्याने साधंच घ्यावं. बंद खोलीत दिवसभर रेंडरिंग (थ्रीडी चित्रं, व्हिडिओ तयार करणं) करणाऱ्याने मोठ्या कूलरचं ओसी.