चिठ्ठी माणसागणिक की गावागणिक?

प्रबंधासाठी चाचणी आखणाऱ्या मैत्रिणीला गटवाटणीचा हा पेच पडलाय: उपचार कोणत्या गटाला द्यायचा नि कोणाला नाही, याची चिठ्ठी एकेका माणसासाठी टाकायची की अख्ख्या गावासाठी?

गोळी तपासायची तर माणसागणिक. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत १०७ क्षयरुग्ण बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनुसार विभागले होते. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ दगावले, औषध न दिलेल्या गटातले ५२ पैकी १४. एवढ्या थोड्या माणसांत उत्तर मिळालं!

पण बाळंतिणीला दिलेला सल्ला शेजारणीपर्यंत पोचतोच. म्हणून गडचिरोलीत बंग दांपत्यानं घरोघरची नवजात-सेवा ३९ गावांत देऊन ४७ गावांशी ताडून पाहिली (चिठ्ठ्या मात्र टाकल्या नव्हत्या). एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे इथे संख्या आणि खर्च दोन्ही वाढतात. हजार माणसं दोनच गावांतली असतील तर चाचणी लंगडीच.

औषधाला पहिली पद्धत घ्यावी. आरोग्यशिक्षण, पाणी, स्वच्छतेला दुसरी.